आकडा माझ्या नावापुढचा, खेळ सहा जणांचा

सामना संपल्यावर जो छापील तक्ता हाती येतो, त्यात गोलरक्षकाच्या नावापुढे फार थोडे लिहिलेले असते: किती फटके आले, किती अडवले, किती मिनिटे जाळ्यासमोर उभा होता. इतर खेळाडूंच्या रकान्यांत गोल, असिस्ट (गोलला मदत करणारे पास), फेसऑफ (पक दोघांमध्ये टाकून खेळ सुरू करतानाची झुंज), अडवलेले फटके असे बरेच काही भरलेले असते. आमचा मात्र त्या रात्रीचा सगळा हिशेब अडवलेल्या फटक्यांच्या एका टक्केवारीत आटोपतो. व्यावसायिक आइस हॉकीत गोलरक्षक म्हणून खेळताना याच टक्केवारीवरून माझी पाठ थोपटली गेली आहे आणि याच टक्केवारीवरून मला बाकावरही बसवले गेले आहे, त्यामुळे तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण या हंगामाचा पूर्वार्ध आमच्या संघाला ज्या प्रकारे जड गेला आणि उत्तरार्धात खेळ ज्या प्रकारे सावरला, त्यावरून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली. फटके अडवणे हे गोलरक्षकाचे काम खरेच, परंतु त्याच्या आधीचे काम असते ते कोणता फटका येऊ द्यायचा हे आपल्याच संघातल्या समोरच्या पाच जणांशी ठरवण्याचे आणि ठरलेले दोन्ही बाजूंनी पाळण्याचे.

हे समजण्यासाठी थोडी मापे ध्यानात घ्यावी लागतात. जाळ्याचे तोंड 1.83 मीटर रुंद आणि 1.22 मीटर उंच असते. पक म्हणजे 7.62 सेंटिमीटर व्यासाची, 2.54 सेंटिमीटर जाडीची आणि 156 ते 170 ग्रॅम वजनाची कडक रबरी चकती. ती बर्फावर उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. जोरदार फटक्याचा वेग ताशी 150 किलोमीटरच्या पुढे जातो आणि ब्लू लाइनजवळून, म्हणजे आमची हद्द जिथे सुरू होते त्या निळ्या रेषेजवळून, साधारण 18 मीटरवरून, असा फटका अर्ध्या सेकंदाच्या आतच माझ्यापर्यंत येऊन पोहोचतो. नवख्या प्रेक्षकाला हाच वेग भयंकर वाटतो. आम्हाला तसा वाटत नाही. पक स्टिकवरून सुटताना मला दिसला, मी योग्य कोनात पुढे येऊन उभा असलो आणि पाय स्थिर असले, तर तो फटका अडवण्यासाठीच मला पगार मिळतो. तो आत गेला तर दोष माझाच, त्याबद्दल कोणाशी वाद नाही.

मला हरवतो तो वेग नव्हे, तर शेवटच्या क्षणी बदललेले चित्र. पक डावीकडे आहे म्हणून मी डावीकडचा कोन धरून उभा असतो आणि तेवढ्यात तो गोलसमोरून आडवा उजवीकडे जातो. मग आधी मान वळवायची, मग नजरेने नवा नेमबाज शोधायचा, मग स्केटच्या धारेवर जोर देऊन पलीकडे सरकायचे आणि तिथे पोहोचून पुन्हा स्थिर व्हायचे, इतकी कामे एका पासमुळे अंगावर येतात. गोलच्या मध्यापासून सरळ पुढे जाणाऱ्या रेषेला माजी गोलरक्षक स्टीव्ह व्हॅलिकेट यांनी ‘रॉयल रोड’ असे नाव दिले आणि ही रेषा ओलांडणारा पास फटक्याचे स्वरूपच कसे पालटतो, हे त्यांनी आकडेवारीनिशी मांडले. जाळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला हे गुडघ्यांतून ठाऊक होतेच. त्यांनी ते मोजून दाखवले, एवढेच. दुसरे संकट म्हणजे स्क्रीन, अर्थात नजरेच्या आड उभी असलेली माणसे, आणि तिसरे म्हणजे वाटेत कोणाच्या तरी स्टिकला किंवा पायाला लागून दिशा बदललेला पक. या तिन्ही संकटांचा उगम माझ्या हातात नसतो. तो समोरच्यांच्या हातात असतो, आणि त्यात प्रतिस्पर्ध्यांइतकेच माझे स्वतःचे सहकारीही येतात.

या खेळातला सगळ्यात जुना करार म्हणजे दोन हल्लेखोरांसमोर एकच बचावपटू उरतो तेव्हाचा. पक ज्याच्याकडे आहे तो नेमबाज गोलरक्षकाचा; पास अडवणे बचावपटूचे. लहानपणापासून सर्वांना हेच शिकवले जाते. हंगामाच्या सुरुवातीला आमच्याकडून मात्र हा करार वारंवार मोडला जात होता. एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर अगदी स्पष्ट आहे: डावीकडून त्यांचा विंगर, म्हणजे कडेने खेळणारा हल्लेखोर, पक घेऊन आला, आमचा बचावपटू मधोमध पाठीमागे सरकत होता, त्याची स्टिक पासच्या वाटेवर आडवी होती आणि मी पुढे येऊन नेमबाजाचा कोन पूर्ण बंद केला होता. इथपर्यंत सर्व ठीक होते. मग नेमबाजाने खांदा किंचित खाली केला, आणि फटका आता येणारच असे वाटून बचावपटूने त्याच्या दिशेने बर्फावर अंग झोकून दिले. त्याच्या पसरलेल्या पायांवरून पक अलगद उचलून पलीकडे दिला गेला आणि तिकडच्या खेळाडूला अर्धे जाळे मोकळे मिळाले. तक्त्यावर तो माझ्या नावावरचा एक गोल ठरला आणि प्रेक्षकांना मी जागेवर खिळून राहिलो असे दिसले.

त्या बचावपटूला मी दोष देत नाही, कारण त्याने तसे का केले हे मला पुरते कळते. त्याआधीच्या सामन्यांत पक आत जात होते आणि हा फटका गोली अडवेलच असे त्याला मनातून वाटत नव्हते, म्हणून त्याने माझे काम स्वतःवर घेतले. संघ घसरू लागतो तेव्हा नेमके असेच घडते. कोणी आळस करत नाही. उलट प्रत्येक जण स्वतःचे सोडून शेजाऱ्याचेही काम करू पाहतो. बचावपटू नेमबाजाकडे धावतो, मग पास उघडा राहणार हे ओळखून गोलरक्षक आधीच पासच्या दिशेने झुकतो, मग नेमबाज मोकळ्या राहिलेल्या जवळच्या बाजूने गोल करतो, आणि तो गोल पाहून बचावपटूचा उरलासुरला भरवसाही जातो. अशा वेळी वृत्तांतात ‘संघाने जिद्द दाखवली नाही’ असे लिहिले जाते. माझ्या अनुभवात जिद्दीची कमतरता क्वचितच असते. कमतरता असते ती जागेवर थांबण्याच्या धीराची.

फटके अंगावर घेऊन अडवण्याचेही तसेच आहे. पकच्या वाटेत स्वतःचे शरीर घालणाऱ्या सहकाऱ्याबद्दल मला आदरच आहे. ती वेदना काय असते हे सर्व संरक्षक साहित्य अंगावर चढवून उभ्या असलेल्या माणसाने सांगू नये. परंतु अर्धवट अडवणे हे मुळीच न अडवण्यापेक्षा वाईट. खेळाडू पूर्ण वाटेत आला तर पक त्याला लागतो. पूर्ण बाजूला झाला तर मला दिसतो. एक पाय वाटेत आणि एक बाहेर अशा पवित्र्यात तो राहिला, तर मला दिसत नाही आणि त्याला लागतही नाही, किंवा जेमतेम निसटता लागून भलतीकडेच वळतो. म्हणून बहुतेक संघांत असे ठरलेले असते की अडवणाऱ्याने जाळ्याची एक बाजू झाकायची आणि दुसरी गोलरक्षकावर सोपवायची. ठरलेले असणे आणि थकलेल्या पायांनी तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये ते पाळणे यांत अंतर राहते, ते राहतेच.

दिसण्याची ही गोष्ट या खेळात किती जुनी आहे, हे मास्कच्या इतिहासावरूनही कळते. 1 नोव्हेंबर 1959 रोजी न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका मॉन्ट्रियालचा गोलरक्षक जॅक प्लांट याच्या चेहऱ्यावर बसला. टाके घालून झाल्यावर मास्क घातल्याशिवाय मी परत जाणार नाही, असे त्याने सांगितले, तेव्हा प्रशिक्षक टो ब्लेक यांनी नाखुशीनेच ते मान्य केले. मास्कमुळे त्याला नीट दिसणार नाही, ही त्यांची एक शंका होती. मॉन्ट्रियालने तो सामना 3-1 असा जिंकला. आज मास्कशिवाय उभे राहण्याची कल्पनाही करवत नाही, पण नजरेबद्दलची ब्लेक यांची काळजी मला चुकीची वाटत नाही. त्यांनी ती चुकीच्या वस्तूशी जोडली होती.

गोलरक्षकाचे श्रेय कोणते आणि संघाचे कोणते, हा गोंधळ खुद्द एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगलाही बराच काळ सोडवता आला नव्हता. गोलरक्षकांसाठीची व्हेझिना ट्रॉफी 1981 पर्यंत सर्वांत कमी गोल खाल्लेल्या संघाच्या गोलरक्षकांना दिली जाई, म्हणजे बक्षीस व्यक्तीचे आणि मोजमाप संघाचे असा तो प्रकार होता. 1981-82 च्या हंगामापासून व्हेझिना संघव्यवस्थापकांच्या मतांनी ठरू लागली आणि कमी गोल खाणाऱ्या संघाच्या गोलरक्षकांसाठी विल्यम जेनिंग्ज ट्रॉफी वेगळी सुरू झाली. बक्षिसे दोन झाली, पण प्रश्न काही संपला नाही. ग्रँट फ्यूर याने 1987-88 मध्ये 75 सामने खेळून व्हेझिना जिंकली तेव्हा त्याची टक्केवारी 0.881, म्हणजे 88.1 टक्के होती. आजच्या काळात हा आकडा घेऊन कोणी कराराची बोलणी करायला गेला तर त्याला चहाही विचारणार नाहीत. पण तो काळच गोलांचा होता आणि फ्यूरचा एडमंटन संघ सगळे मिळून पुढे धावणारा होता. मागे एकट्या गोलीवर काय काय येईल याची त्यांना पूर्ण कल्पना होती आणि त्यालाही होती. 1984 ते 1988 या पाच वर्षांत त्या संघाने चार वेळा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचा विजेतेपदाचा करंडक, उचलला. त्यांचा करार वेगळा होता, पण तो स्पष्ट होता.

याच्या दुसऱ्या टोकाला न्यू जर्सीचा गोलरक्षक मार्टिन ब्रॉडर. त्याच्या नावावर 691 विजय आणि 125 शटआउट, म्हणजे एकही गोल न खाल्लेले सामने, आहेत, आणि तरीही ‘न्यू जर्सीच्या बचावामागे कोणीही चालला असता’ असे म्हणणारे लोक मला आजही भेटतात. हा तर्क मला कधीच पटला नाही. ब्रॉडर जाळ्याबाहेर येऊन पक इतक्या सफाईने खेळवत असे की प्रतिस्पर्ध्यांनी आत टाकलेला पक त्यांच्या हाती लागण्यापूर्वीच बाहेर निघालेला असे. अशा प्रकारे जे फटके जन्मालाच आले नाहीत, ते त्याच्या टक्केवारीत कुठे दिसणार? उलट अडवायला सोपे असे काही फटके कमी झाल्याने त्याचा आकडा थोडा खालीच आला असेल. एनएचएलने 2005 मध्ये जाळ्यामागे समलंब चौकोन आखून गोलरेषेमागे गोलरक्षकाने फक्त त्याच्या आतच पक हाताळावा, असा नियम केला आणि लोक त्याला सरळ ‘ब्रॉडरचा नियम’ म्हणू लागले. एका माणसाचे काम रोखण्यासाठी बर्फावर रेषा आखाव्या लागतात, यापेक्षा मोठे प्रमाणपत्र कोणता तक्ता देणार?

अर्थात एकट्याने संघ ओढून नेणारेही झाले आहेत आणि ते मी नाकारत नाही. डॉमिनिक हाशेकने 1998 च्या नागानो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत शूटआउटमध्ये कॅनडाच्या पाचही नेमबाजांना रोखले आणि पुढे चेक संघाने सुवर्णपदक जिंकले. बफेलोसाठी 1998-99 मध्ये त्याची टक्केवारी 0.937 होती आणि तो संघ त्या बळावर अंतिम फेरीत गेला. पण तिथे डॅलसकडून हरला. 2003 मध्ये अनाहाइमच्या जाँ-सेबास्तियाँ जिगेर याला अंतिम मालिका गमावूनही प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. जिगेरला त्या रात्री तो करंडक घेताना किती अवघड गेले असेल, हे समजायला गोलरक्षक असण्याची गरज नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो मात्र एका अव्यावसायिक गोलरक्षकाचा सामना. 22 फेब्रुवारी 2020 रोजी टोरांटोविरुद्ध कॅरोलायनाचे दोन्ही गोली जखमी झाले आणि नियमाप्रमाणे राखीव म्हणून उपलब्ध असलेला डेव्हिड एअर्स, वय वर्षे 42, बर्फावर उतरला. बर्फ गुळगुळीत करणारे झांबोनी यंत्र चालवलेला माणूस म्हणून जगाने त्याची गोष्ट ऐकली. त्याच्यावर आलेले पहिले दोन्ही फटके आत गेले. त्यानंतरचे आठही त्याने अडवले आणि कॅरोलायनाने 6-3 असा विजय मिळवला. ही गोष्ट सांगणारे एअर्सच्या धैर्यावर थांबतात आणि ते योग्यच आहे. पण माझी नजर ‘आठ’ या आकड्यावर अडते. अर्ध्या सामन्याच्या आसपास खेळ उरलेला असताना, टोरांटोसारख्या हल्लेखोर संघाला गोलीपर्यंत एकूण दहाच फटके पोहोचवता आले. जाळ्यात कोण उभा आहे हे कॅरोलायनाच्या प्रत्येक खेळाडूला माहीत होते आणि त्यांनी त्याला झेपेल असाच खेळ समोर राहू दिला. हे एका रात्री जमते. ते सबंध हंगाम जमवायचे कसे, हाच आमचा धंदा.

आमच्या बाबतीत फरक पडला तो तसा साध्या गोष्टीने. एरवी गोलरक्षकांचे प्रशिक्षक आम्हा दोघा गोलींना वेगळे घेऊन बसतात आणि बचावपटू त्यांच्या प्रशिक्षकाबरोबर वेगळे बसतात. एकाच गोलाचे चित्रण दोन खोल्यांत पाहिले जाते आणि दोन्हीकडे निष्कर्ष निराळे निघतात. हंगामाच्या मध्यावर आम्ही एकाच खोलीत बसू लागलो. पहिल्याच बैठकीत एका ज्येष्ठ बचावपटूने मला सरळ विचारले, ‘तुला कोणता फटका हवा आहे?’ इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी असा तोंडावर विचारला नव्हता. मी सांगितले की बाहेरून, कडेने, मला दिसणारा कोणताही फटका येऊ दे, कितीही जोरात येऊ दे. फक्त पक मधून आडवा जाऊ देऊ नका आणि माझ्यासमोर उभे राहून कुस्ती खेळू नका, कारण एकाऐवजी दोन पाठी आड आल्या की मला पक दिसत नाही. त्यानेही त्याच्या बाजूचे सांगितले. मी रिबाउंड, म्हणजे अडवल्यावर परत उसळणारा पक, नेमका कुठे टाकणार हे त्याला आधी कळत नसल्याने तो दर वेळी अर्धे पाऊल उशिरा निघतो, असे त्याचे म्हणणे होते.

त्यानंतरचे बदल बाहेरून पाहणाऱ्याला दिसलेही नसतील. खालून आलेला फटका पॅडवरून मी शक्यतो त्याच बाजूच्या कोपऱ्यात वळवायचा आणि छातीवर आलेला दाबून धरायचा, म्हणजे पुढच्यांना कुठे धावायचे हे फटक्याच्या उंचीवरूनच समजते. पक जाळ्यामागे असताना मी बोलायचे: मागे माणूस असेल तर ‘मॅन ऑन’, मोकळीक असेल तर ‘टाइम’, पलीकडच्या सहकाऱ्याकडे द्यायचा असेल तर ‘ओव्हर’. पूर्वीही मी ओरडत असेच, पण वाक्ये ओरडत असे. गर्दीच्या गोंगाटात, पाठमोऱ्या आणि धापा टाकणाऱ्या माणसाला एक शब्द ऐकू येतो, दोन येत नाहीत.

गंमत अशी की उत्तरार्धात माझ्यावर येणारे फटके वाढले. बचावपटू जागा धरून राहू लागल्याने प्रतिस्पर्ध्यांना कडेने फटके मारण्याची मुभा मिळाली आणि त्यांनी ती भरपूर वापरली. गोल मात्र कमी झाले. काही जाणत्या प्रेक्षकांनीसुद्धा ‘संघ फार फटके देतो, गोली वाचवतो आहे’ असा अर्थ काढला. माझ्याबद्दल चांगले बोलले जात असताना ते खोडून काढण्याची घाई कोण करतो? पण त्या सामन्यांत मी पूर्वार्धापेक्षा फारसा वेगळा खेळत नव्हतो. मला दिसत होते, आणि पुढे काय येणार हे बऱ्याचदा आधी कळत होते. खरे तर फटके अधिक असणे माझ्या पथ्यावरच पडले. इतर खेळाडू पाऊण मिनिटाची शिफ्ट संपवून बाकावर जाऊन पाणी पितात, श्वास घेतात, प्रशिक्षकाचे ऐकतात. आम्ही साठ मिनिटे तिथेच असतो आणि ज्या पिरियडमध्ये पक आपल्याकडे फिरकतच नाही, तो पिरियड सर्वांत थकवणारा असतो. अंग थंड पडते, मन स्कोअरबोर्डकडे जाते. मग मी क्रीझमध्ये, म्हणजे जाळ्यासमोर आखलेल्या जागेत, आडवा सरकून स्केटने बर्फ खरवडत राहतो, दोन्ही खांबांना स्टिक लावून जागा तपासतो, जाळ्यावरची बाटली उचलून तहान नसतानाही घोट घेतो. गोलरक्षक ग्लेन हॉल याने 1955 ते 1962 या काळात सलग 502 सामने पूर्ण खेळून काढले, तेही मास्कशिवाय, आणि सामन्याआधी त्याला उलटी होत असे. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या असाव्यात याचे मला कधीच नवल वाटले नाही.

सामन्याच्या मध्येच गोलीला काढून दुसऱ्याला उतरवण्याबद्दलही थोडे लिहिले पाहिजे, कारण संघाच्या कामगिरीवर त्याचा परिणाम वाटतो त्याहून गुंतागुंतीचा असतो. पुष्कळदा प्रशिक्षक गोलीला शिक्षा म्हणून नव्हे, तर बाकीच्यांना जागे करण्यासाठी बदलतो आणि दोघे गोली हे समजून असतात. बदल करण्यापेक्षा तो न करण्यातून जो निरोप जातो, तो अधिक बोचतो. 2 डिसेंबर 1995 रोजी डेट्रॉइटविरुद्ध मॉन्ट्रियाल 11-1 असे हरले. मॉन्ट्रियालचा गोलरक्षक पॅट्रिक रॉय याला नऊ गोल होईपर्यंत जाळ्यात ठेवले गेले. चार दिवसांत त्याची कोलोरॅडोकडे रवानगी झाली आणि त्याच हंगामाअखेर कोलोरॅडोने स्टॅन्ली कप जिंकला. रॉयचा स्वभाव गरम होता हे खरे, पण नऊ गोल ही काही फक्त गोलीची रात्र नसते, आणि ते समोरच्यांना दिसले आहे एवढे दाखवण्यासाठी तरी त्याला लवकर बाहेर घ्यायला हवे होते, असे माझे मत आहे.

सध्याचा आमचा प्रश्न निराळा आहे. कडेने मारलेले फटके आम्ही येऊ देतो हे आता इतर संघांच्या ध्यानात आले आहे आणि ते गोलसाठी मारतच नाहीत. मुद्दाम खाली, दूरच्या पॅडवर मारतात, म्हणजे रिबाउंड समोर उसळावा आणि तिथे त्यांचा दुसरा खेळाडू वेळेवर पोहोचावा. पॅडची पुढची बाजू हल्ली इतकी ताठ असते की पक जोरात परत जातो आणि तो कोपऱ्यात वळवायला लागणारा कोन दूरच्या पायाला सहज मिळत नाही. गोलरक्षकांच्या प्रशिक्षकांचे म्हणणे, अशा फटक्याला पॅडच्या आधी स्टिकचे पाते लावून तो वर उडवावा, प्रेक्षकांपुढच्या जाळीपलीकडे गेला तरी चालेल, खेळ थांबेल. बचावपटूंचे म्हणणे, त्याने फेसऑफ आमच्याच हद्दीत येतो. त्यापेक्षा दूरच्या बाजूच्या विंगरने चार पावले खाली यावे. विंगरना ते मान्य नाही, कारण मग ब्लू लाइनवरचा नेमबाज मोकळा राहतो. सरावात तिन्ही प्रकार करून पाहिले आहेत आणि तिन्ही चालतात, पण सरावात फटका मारणाऱ्याला रिबाउंडची भूक नसते. उद्याच्या बैठकीसाठी मी दूरच्या पॅडवर आलेल्या फटक्यांचे तुकडे काढून ठेवले आहेत; विंगरनाही त्या खोलीत बोलावले आहे.